सामन माशाची काठी : निवडीचा आणि नावांचा इतिहास

वस्तू बदलते, परंतु तिचे नाव सहसा बदलत नाही. व्यापारात आणि कारागिरीत हा नियम विशेषच प्रत्ययास येतो. माल ज्या बंदरातून निघाला त्या बंदराचे नाव त्याला चिकटते, मालाचा उगम पुढे दुसऱ्या देशात सरकतो, क्वचित मालच पार बदलून जातो, तरी जुने नाव चालूच राहते. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर अमेरिकेत सामन व स्टीलहेड हे मासे पकडण्यासाठी जी काठी वापरतात, तिचा इतिहास या नियमाचे एक बोलके उदाहरण होय. आज उच्च प्रतीच्या अशा काठीची किंमत हजार डॉलरच्या पुढे जाते. आणि एवढी रक्कम मोजणारा ग्राहक प्रत्यक्षात निवड करतो ती बहुतांशी नावांमधून व आकड्यांमधून. त्या नावांचा व आकड्यांचा अर्थ कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहिल्यावाचून ती निवड डोळसपणे होणे कठीण आहे.

प्रथम या मासेमारीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कोकणच्या खाडीकाठी गरी टाकणारा माणूस गळाला वजन बांधतो व त्या वजनाच्या बळावर गळ दूर जातो. येथे तसे नसते. पिसे व केस गळाभोवती गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी असते की ती आपल्या भाराने दहा हातही जाणार नाही. वजन असते ते दोरीत. काठी वाकते, सरळ होते आणि तिच्या त्या उसळीने दोरी पुढे उलगडत जाते. माशी केवळ तिच्यामागून ओढली जाते. म्हणून काठीला तीन कामे करावी लागतात : दोरी फेकणे, पाण्यावर पडलेली दोरी हवी तशी वळविणे आणि गळाला लागलेला मासा दमविणे. या तिन्ही कामांच्या गरजा एकमेकींशी नेहमीच जुळत नाहीत. काठीच्या निवडीचा सारा वाद मुळात येथून उत्पन्न होतो.

माशाच्या नावाचाही प्रश्न आहेच. अटलांटिक महासागरातून युरोपच्या व पूर्व अमेरिकेच्या नद्यांत चढणारा सामन म्हणजे साल्मो सालार. स्टीलहेड हा पॅसिफिककडील मासा. तो ‘रेनबो ट्राउट’ याच जातीचा. परंतु समुद्रात जाऊन, तेथे वाढून, अंडी घालण्यासाठी नदीत परतणारा. जॉन रिचर्डसन याने 1836 साली कोलंबिया नदीच्या परिसरातील नमुन्यावरून त्याचे वर्णन साल्मो गेर्डनेरी या नावाने केले, म्हणजे त्याला अटलांटिक सामनच्या कुळात बसविले. दीडशे वर्षांनंतर, 1989 साली, तो पॅसिफिक सामनच्या ऑन्कोरिंकस या प्रजातीत हलविण्यात आला. कोळ्यांच्या व्यवहारी भाषेत मात्र तो ना ट्राउट, ना सामन. तो केवळ ‘पोलादी डोक्याचा’ राहिला. या भाषेने टिपलेला भेद निरर्थक नव्हता. अमेरिकी किनाऱ्यावरील पाच जातींचे पॅसिफिक सामन अंडी घातल्यानंतर मरतात. स्टीलहेड मात्र वाचून पुन्हा समुद्राकडे जाऊ शकतो. या गोष्टीचा काठीच्या निवडीशी असलेला संबंध पुढे येईल.

सामनच्या काठीचे जुने घर स्कॉटलंड होय. तेथील मोठ्या नद्यांवर एकोणिसाव्या शतकात सतरा-अठरा फूट लांबीच्या, दोन्ही हातांनी धरावयाच्या लाकडी काठ्या प्रचारात होत्या. हिकरी, ॲश व लान्सवुड या लाकडांबरोबर गयानातून येणारे ग्रीनहार्ट हे लाकूड त्यांत प्रमुख ठरले. ते लवचीक व चिवट खरे, पण इतके जड की पाण्यात टाकले असता बुडते. स्पे नदीच्या काठी झाडी व उंच दरडी असल्यामुळे दोरी पाठीमागे भिरकावण्यास जागा नसे. त्यामुळे दोरीचा फास शेजारी पाण्यावर टेकवून तेथूनच ती पुढे लोटण्याची फेक रूढ झाली. ‘स्पे फेक’ हे तिचे नाव आज त्या नदीपासून हजारो मैलांवर वापरले जाते. इन्व्हर्नेसच्या अलेक्झांडर ग्रँट याने 1890 च्या दशकात या फेकीसाठी ग्रीनहार्टची जी काठी घडविली, तिचे तुकडे धातूच्या नळीने न जोडता तिरपा काप घेऊन एकमेकांना बांधलेले असत. कंप मध्येच अडू नये हा त्यातील हेतू. ग्रँट हा व्हायोलिन बनविणारा होता, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच सुमारास अमेरिकेत दुसरे साहित्य पुढे आले होते. पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन येथील सॅम्युएल फिलिप याने 1840 च्या दशकात बांबूच्या चिरफळ्या तासून, डिंकवून काठ्या केल्या. हा बंदुका बनविणारा कारागीर होता आणि तोही व्हायोलिने घडवीत असे. कंप पावणाऱ्या लाकडाचे ज्ञान दोन्ही खंडांत एकाच वाद्याच्या मार्गाने काठीपर्यंत पोहोचावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्ड याने सहा त्रिकोणी पट्ट्यांची षट्कोनी काठी यंत्राच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात. सहा पट्ट्यांची साल बाहेर ठेवून त्या जोडल्या की पोकळ वेळूचे रूपांतर भरीव काठीत होते आणि तिचे सर्व बळ बाहेरच्या बाजूस येते. इंग्लंडमध्ये ॲल्निकच्या हार्डी बंधूंनी हेच तंत्र सामनच्या लांब काठ्यांना लावले.

हा पहिला बांबू हिंदुस्थानातून जात असे. कारागीर त्याला ‘कलकत्ता’ म्हणत, कारण तो त्या बंदरातून जहाजावर चढे. ही जात सामान्यतः महाराष्ट्रात मानवेल या नावाने परिचित असलेली, भाल्यांच्या दांड्यांसाठी प्रसिद्ध असलेली जात मानली जाते. तो कोणत्या रानातला, कोणी तोडलेला, याची नोंद काठीवर उमटण्याचे काही कारणच नव्हते. उमटत त्या केवळ डागण्याच्या काळ्या खुणा, कारण हे वेळू जागोजाग भाजलेले येत. या खुणांमुळे कारागिराला पुष्कळ वेळू टाकून द्यावे लागत. तरी खऱ्या ‘कलकत्त्या’ची ओळख म्हणून ग्राहक त्याच खुणा शोधी. म्हणजे जो मालाचा दोष होता, तोच नावाच्या प्रभावाने गुण ठरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी वेळूने ‘कलकत्त्या’ची जागा घेतली. हा वेळू अधिक सरळ, त्याची पेरी लांब आणि त्याच्या बाहेरच्या तंतूंचा थर जाड. व्यापाऱ्यांनी त्याला ‘टोंकिन’ हे नाव दिले. टोंकिन म्हणजे व्हिएतनामचा उत्तर भाग. वेळू मात्र येई चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून. एफ. ए. मक्ल्युर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1931 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘प्रेमास पात्र’ अशा अर्थाचे आमाबिलिस हे पद त्याच्या नावात योजले. शास्त्राने भूगोल दुरुस्त केला, पण बाजाराने तो मानला नाही. आजही बांबूची काठी विकत घेणाऱ्यास ‘टोंकिन’ हेच नाव सांगितले जाते.

येथपर्यंत निवड ठरली होती ती कारागिराच्या हाताने व वेळूच्या गुणाने. 1950 च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी होणारा व्यापार बंद केला आणि तो निर्बंध 1971 पर्यंत टिकला. ज्या कारखान्यांकडे वेळूचा साठा होता ते तग धरून राहिले. परंतु बाजार तोवर काचतंतूच्या नळीकडे वळू लागला होता. शेक्सपियर कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच काचतंतूची काठी बाजारात आणली होती. ती स्वस्त, न कुजणारी आणि सामान्य माणसाला परवडणारी होती. राजकारणाने जुन्या साहित्याचा रस्ता अडविला आणि रसायनाने नव्याला वाट करून दिली. ‘उत्तम काठी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षे तरी नदीकाठी ठरले नाही.

यानंतरचा बदल विमानविद्येतून आला. इंग्लंडमधील फार्नबरो येथील शाही विमान-संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात उच्च ताठपणाच्या कार्बन तंतूचे तंत्र सिद्ध झाले आणि 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात फेन्विक कंपनीने त्या तंतूची काठी अमेरिकेत विक्रीस आणली. काचेच्या मानाने हा तंतू हलका व कितीतरी ताठ. चौदा-पंधरा फुटांची काठी दिवसभर हातात धरणे आता पहिल्यासारखे कष्टाचे राहिले नाही आणि दोन हातांच्या काठीचे पुनरुज्जीवन शक्य झाले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ती पॅसिफिककडील स्टीलहेडच्या नद्यांवर रुजली. तेथे ‘स्कॅजिट’ या नदीच्या नावाची एक नवी, आखूड व जड दोरीही प्रचारात आली. अमेरिकी ग्राहक या काठीस ‘ग्राफाइट’ म्हणतो, ब्रिटिश ग्राहक ‘कार्बन’. काटेकोर अर्थाने तंतू कार्बनचा आहे, ग्राफाइटचा खडा नव्हे. तेव्हा ब्रिटिश नाव अधिक यथार्थ. पुढे हर्क्युलिस कंपनीच्या ‘आयएम 6’ या एका तंतूचे नाव अनेक वर्षे उच्च प्रतीचे जणू प्रमाणपत्रच होऊन बसले. वास्तविक तंतूचा ताठपणा हा एक गुण, बळकटी हा दुसरा. अधिक ताठ काठी अधिक चांगली असतेच असे नाही आणि आघाताने ती मोडण्याचा संभव पुष्कळदा अधिक असतो.

नावांप्रमाणे आकड्यांनीही घोटाळा केला आहे. पूर्वी दोऱ्या रेशमाच्या होत्या व त्यांची जाडी अक्षरांनी दाखवीत. ‘एच’ म्हणजे 0.025 इंच, ‘डी’ म्हणजे 0.045 इंच. साहित्य एकच असल्यामुळे जाडीवरून वजन आपोआप कळे. नायलॉनची दोरी आली तेव्हा जाडी तीच राहून वजन बदलले आणि ही अक्षरे निरुपयोगी झाली. म्हणून अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने 1961 साली दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरविले : पाच क्रमांकास 140 ग्रेन, आठ क्रमांकास 210 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम. ही सुधारणा मोलाची होती. पण दोन हातांच्या काठीवरील ‘आठ’ला बहुधा पाचशे ग्रेन किंवा त्याहूनही जड दोरीचे डोके लागते. चिन्ह एक आणि अर्थ दोन, अशी ही अवस्था आहे. ‘जलद’ व ‘मंद’ या विशेषणांना तर कोणतेच सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याची ‘मध्यम’ काठी दुसऱ्याकडे ‘जलद’ ठरू शकते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम हॅनेमन यांनी यावर साधा उपाय सुचविला. काठीच्या टोकाला पिशवी बांधून तीत एक सेंटची नाणी टाकीत जावे आणि टोक काठीच्या लांबीच्या एकतृतीयांशाने खाली येईपर्यंत लागलेली नाणी मोजावी. विशेषणापेक्षा नाणे अधिक प्रामाणिक, हे त्यांचे म्हणणे कोणालाही पटण्याजोगे आहे.

या इतिहासातून निवडीविषयी जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे सांगता येईल. प्रथम नदी व मासा पाहावा, मग दोरी ठरवावी आणि शेवटी काठी घ्यावी. बाजार हा क्रम उलटा करावयास लावतो. मध्यम नदीवरील स्टीलहेडसाठी दोन हातांची साडेबारा ते साडेतेरा फुटांची, सात किंवा आठ क्रमांकाची काठी पुरते. स्कॉटलंडच्या रुंद नद्यांसाठी अथवा पॅसिफिकच्या मोठ्या चिनूक सामनसाठी चौदा-पंधरा फूट व नऊ-दहा क्रमांक लागतात. दोरीचे वजन क्रमांकावरून न घेता ग्रेनमध्ये विचारावे आणि शक्य तर त्या दोरीसह काठी पाण्यावर फेकून पाहावी. किंमत अधिक असलेल्या काठीत हलकेपणा, सांध्यांचा नेमकेपणा व मोडल्यास बदलून देण्याची हमी मिळते. फेकणाऱ्याचे कौशल्य मिळत नाही.

अखेरचा विचार माशाचा. वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंडचा स्टीलहेड 2007 साली अमेरिकी कायद्याने संकटग्रस्त ठरविला गेला आणि पुष्कळ नद्यांवर नैसर्गिक स्टीलहेड पकडल्यास जिवंत सोडणे बंधनकारक आहे. हा मासा अंडी घातल्यानंतरही जगू शकतो, म्हणूनच त्याला सोडण्यास अर्थ आहे. नाजूक काठीवर फार वेळ झुंजविलेला मासा थकून, सोडल्यानंतरही मरण्याचा धोका असतो. तेव्हा काठीत पुरेसे बळ असणे ही केवळ फेकीची सोय नव्हे. माशाचा प्राण त्यावर अवलंबून असतो. कलकत्त्याहून गेलेल्या वेळूवर तो तोडणाऱ्याचे नाव उरले नाही, उरले ते बंदराचे. नदीतला मासा नाहीसा होऊन काठीवर त्याचे केवळ नाव उरावे, असे होऊ नये, एवढी जाणीव निवड करणाऱ्याने बाळगली तरी या इतिहासाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.