बुधनची गोष्ट: निकालपत्रापासून मोबाइलपर्यंत

आजचा विषय अहमदाबादच्या छारानगरमधलं 'बुधन थिएटर' आणि त्यांचं 'बुधन' हे नाटक. पण सुरुवात नाटकापासून नको, अहमदाबादपासूनही नको. सुरुवात करू या एका गवताच्या बाहुल्यापासून.

पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर ही जमात राहते. १९९८च्या फेब्रुवारीत तिथल्या बुधन शबर या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि आठवड्याभरात तो कोठडीत मेला. त्यानं स्वतःच गळफास लावून घेतला, असं सांगण्यात आलं. आता प्रेत एकदा जळलं की पुरावा संपला. पण शबरांनी काय केलं? बुधनचं प्रेत पुरून ठेवलं आणि चितेवर बाहुलं जाळलं. पुढे पश्चिम बंगालच्या खेडिया शबर कल्याण समितीनं, म्हणजे महाश्वेतादेवींच्या संघटनेनं, कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. तेव्हा ते प्रेत होतं म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकलं. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायमूर्ती रुमा पाल यांनी निकाल दिला: कुटुंबाला भरपाई आणि सीबीआय चौकशी. मला विचाराल तर बुधनच्या गोष्टीचा पहिला प्रयोग त्या चितेवरच झाला. प्रेक्षक पोलीस होते, आणि त्यांना तो खरा वाटला.

आता पुरुलियाची गोष्ट अहमदाबादला कशी पोहोचली ते बघा. १८७१मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची, तारेच्या कुंपणात वसाहत करायची, रोजची हजेरी घ्यायची. आपल्याकडे सोलापूरची 'सेटलमेंट' तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. तशीच वसाहत अहमदाबादला छारांची होती. छारा म्हणजे आपल्या कंजारभाटांचे भाऊबंदच, भाषाही जवळची. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पोलिसांच्या डोक्यातलं कुंपण मात्र गेलं नाही. १९९८मध्ये गणेश देवी, महाश्वेतादेवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी एक गट उभा केला. त्या कामात देवी आणि महाश्वेतादेवी छारानगरला गेले. तिथल्या पोरांसाठी एक वाचनालय सुरू झालं. 'बुधन' नावाचं नियतकालिक निघत होतं, त्यात हा निकाल छापून आला होता. वाचनालयात बसणाऱ्या पोरांनी तो वाचला.

यांना नाटक करायचं होतं, पण संहिता नव्हती. मग निकालपत्र हीच संहिता झाली! दक्षिण बजरंगे आणि त्याच्या सोबत्यांनी ते उभं केलं आणि ३१ ऑगस्ट १९९८ला, विमुक्त दिनी, छारानगरातच पहिला प्रयोग झाला. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत. नेपथ्य जवळपास नाहीच. माणसांची शरीरं तेवढी. त्यांच्यापैकी कुणी पुरुलिया पाहिलं नव्हतं. पण पोलिसाचं काम कसं करायचं, हे शिकवायला दिग्दर्शकाला फारसे कष्ट पडले नसणार.

इथं एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. छारानगरात कोठडीतल्या मारहाणीच्या गोष्टी काय कमी होत्या? मग त्यांनी शबराची गोष्ट का निवडली? नंतर त्यांनी बारामतीच्या पिन्या हरी काळेंवरही नाटक केलं. पिन्या काळे पारधी होते आणि तेही १९९८मध्येच पोलीस कोठडीत गेले. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच जमातीचा माणूस. एक कारण उघड आहे: साऱ्या विमुक्तांना एका धाग्यात ओवायचं होतं. पण दुसरं कारण जरा अवघड आहे. बुधन निर्दोष होता. रस्त्यावरच्या नाटकाला असा माणूस लागतो. अर्ध्या तासात, उभ्या-उभ्या बघणाऱ्या गर्दीच्या मनात जागा मिळवायची तर तो मेलेला माणूस निष्पाप असावा लागतो. नाटकाच्या शेवटी नट थेट प्रेक्षकांनाच विचारतात, आम्ही या देशाचे दुय्यम नागरिक आहोत का? या प्रश्नाला 'पण तुम्ही चोऱ्या करता ना?' असं उलट उत्तर येऊ शकतं. बुधनच्या बाबतीत ते येऊ शकत नव्हतं. निकालानं ते दार आधीच बंद केलं होतं.

पुढे २००२मध्ये नाटकाचं इंग्रजी भाषांतर देवींनी संपादित केलेल्या 'पेंटेड वर्ड्स' या संग्रहात आलं. अभ्यासकांची सोय झाली. याबद्दल जास्त बोलत नाही, कारण छापील पानावर हे नाटक मला फार सपाट वाटतं.

खरा फरक पडला तो कॅमेऱ्यानं. शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी २००५मध्ये 'अॅक्टिंग लाइक अ थीफ' हा लहानसा माहितीपट केला आणि २०११मध्ये 'प्लीज डोन्ट बीट मी, सर!' हा मोठा. कॅमेरा रस्त्यावर थांबला नाही, घरात शिरला. आणि घरात काय आहे? हातभट्टी आहे, कारण नोकरी कुणी देत नाही. चोरी करून पोरांना शिकवलेली आधीची पिढी आहे. नाटकात जे झाकावं लागलं होतं ते इथं मोकळेपणानं बोललं जातं. त्यामुळे दावाच बदलतो बघा. नाटक म्हणत होतं, निष्पापाला मारलंत. माहितीपट म्हणतो, चोर असला तरी त्याला मारायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? ही मागणी जास्त कठीण आहे, आणि माझ्या मते जास्त खरी. ती पेलायला तास-दीड तास लागतो आणि माणसाचा चेहरा जवळून बघावा लागतो. चौकात ते जमत नाही.

पण मोबदल्यात गेलं काय, तेही सांगायला हवं. चौकात तो शेवटचा प्रश्न ज्यांना विचारला जायचा त्यांत शेजारची बिगर-छारा मंडळी असत. ते खाली बघत, घसा खाकरत, पण तिथंच असत. मोबाइलवर तोच प्रश्न आला की अंगठा वर सरकतो, संपलं. फिल्म जगभर गेली. जिच्याशी भांडण आहे ती वस्ती मात्र ती बघेलच असं नाही. म्हणून या मंडळींनी फिल्म आल्यावर नाटक सोडलं नाही, ही मला मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते.

जुलै २०१८मध्ये पोलिसांनी रात्री छारानगरवर धाड घातली. बेकायदा दारूविरुद्धची कारवाई, असं पोलिसांचं म्हणणं. घरात घुसून मारलं, गाड्या फोडल्या, असा रहिवाशांचा आरोप. पकडलेल्यांमध्ये वकील होते आणि थिएटरशी संबंधित माणसंही होती. फुटलेल्या गाड्यांचे आणि पाठीवरच्या वळांचे फोटो लगेच बातम्यांमध्ये आले. वीस वर्षांपूर्वी त्यांना आपलं दुखणं सांगायला पुरुलियाचा बुधन उसना घ्यावा लागला होता. या वेळी त्यांनी स्वतःची नावं सांगितली.