अरुंद वाटेनें जाणारी रुंद संख्या

अहमदनगरावरून (आजच्या अहिल्यानगरावरून) जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. तो रुंदमापी होता. मनमाडहून औरंगाबादमार्गें हैदराबाद संस्थानांत शिरणारा, १९०० च्या सुमाराचा लोहमार्ग मात्र मीटरमापी. त्यामुळें नगरकडील माल तिकडे धाडावयाचा तर मनमाडास तो एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरावा लागे. हाच प्रश्न पुढें गणकयंत्रांच्या पोटांत उद्भवला.

गणकयंत्रांत माहिती ज्या तारांच्या जुडग्यावरून ये-जा करते, त्यास ‘बस’ म्हणतात. इंटेलचा १९७८ सालचा ८०८६ प्रोसेसर सोळा बिटांची संख्या सामान्यतः एका खेपेंत आणी. १९७९ च्या ८०८८ ची बस आठच बिटांची. तीच संख्या तो दोन खेपांत आणी. वेळ अधिक लागे, परंतु भोंवतालची सामग्री स्वस्त पडे. १९८१ चा आय. बी. एम. पी. सी. याच प्रोसेसरावर उभा राहिला. पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ मधील ट्रान्सप्युटरांतहि चल-दशांश (फ्लोटिंग पॉइंट) गणित चौसष्ट बिटांचें, तर बाहेरच्या स्मृतीकडील वाट बत्तीस बिटांची होती.

स्मृतींत निवांत पडलेली संख्या धान्याच्या पोत्यासारखी असते. दुसरी खेप येईतों ती बदलत नाहीं. उपकरणांतील चालत्या घड्याळाचा आंकडा तसा नसतो. समजा, तो ०१९९ आहे आणि एका खेपेस दोनच अंक वाचतां येतात. प्रथम वरचे ०१ वाचले. तेवढ्यांत आंकडा ०२०० झाला. मग खालचे ०० मिळाले. हातीं आलें ०१००, जें घड्याळानें त्या क्षणीं कधींच दाखविलें नव्हतें!

म्हणून उपकरण चालविणारा कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, लिहितांना वरचा भाग, खालचा भाग आणि पुनः वरचा भाग वाचतात. वरचा भाग बदललेला दिसला, तर वाचन पुन्हां करतात. लिहिण्याचें काम याहून नाजूक. कांहीं उपकरणें अर्धीच आज्ञा पोंचतांच कामास लागतात. तेथें कोणता अर्धा आधीं धाडावा, हें उपकरणाच्या घडणीवरूनच ठरतें. लिनक्स प्रणालींत खालचा अर्धा आधीं व वरचा अर्धा आधीं, अशा दोन निराळ्या सोयी आहेत. आणि ही क्रिया अखंड नव्हे, असा इशारा त्यांच्या नांवांतच घातलेला आहे.