गोदाखोऱ्याचा लोहमार्ग आणि आपला मुलूख

देवगाव फाट्यावर उभे राहिले असता लोहमार्ग दृष्टीस पडत नाही. गाडी धरावयाची तर सेलूस जावे लागते. तथापि या मुलखाच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या उलाढालीचा इतिहास त्या रुळांवाचून सांगता येणार नाही.

हैदराबाद ते मनमाड हा 391 मैलांचा ‘हैदराबाद-गोदावरी खोरे’ लोहमार्ग 1899 ते 1901 या काळात बांधला गेला. निजाम मीर महबूब अली खान यांची ती कारकीर्द. आरंभीची वर्षे घोर दुष्काळाची होती. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद असा तो मार्ग निघाला, आणि कोणाचे भाग्य उघडावे व कोणाचे झाकावे हे जणू त्याच रेघेने ठरविले. मोगल अमदानीत पाथरी हे एका ‘सरकार’चे मुख्य ठाणे होते, रूळ पाथरीस गेले नाहीत. जिंतूरही वगळले गेले. मानवतच्या पेठेस स्थानक लाभले ते गावापासून दूर, म्हणून त्याचे नाव ‘मानवत रोड’! सेलूच्या बाजारास मात्र गाडी दाराशी आली.

हा मार्ग मीटरमापी, म्हणजे रुळांतील अंतर एक मीटर. मनमाडहून मुंबईस जाणारा मार्ग साडेपाच फुटी. त्यामुळे आमच्याकडील कापसाचे गठ्ठे मनमाडास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागत. हमाली वाढे, वेळ जाई, आणि तो भार अखेर शेतकऱ्याच्या भावातच वळता होई. शिवाय राज्याची करोडगिरी निराळी आणि हाली सिक्काही निराळा. एवढ्या अडचणी ओलांडून मुंबईची पेठ गाठणाऱ्या व्यापाऱ्यांच्या चिकाटीचे कौतुकच केले पाहिजे.

विद्यार्थ्यांची दिशा याच्या उलट होती. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. उच्च शिक्षणाची आकांक्षा धरणारा मराठी मुलगा ट्रंक व वळकटी घेऊन पूर्वेची गाडी धरी. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि मग त्याच रुळांवरून मुले पश्चिमेस जाऊ लागली. आपल्या कित्येक घरांतील आजोबा हैदराबादचे पदवीधर व नातू औरंगाबादचे, असे आढळते ते यामुळेच.

कारभाराचे वळण मात्र निराळे पडले. निजाम स्टेट रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली आणि मुख्यालय मुंबईस आले. 1966 मध्ये दक्षिण-मध्य रेल्वे निर्माण झाली व सूत्रे पुन्हा सिकंदराबादेस गेली. महाराष्ट्रातील प्रवाशाने आपले गाऱ्हाणे तेलंगणात न्यावे, ही व्यवस्था प्रस्तुत लेखकास कधीच पटलेली नाही. 2003 मध्ये नांदेड विभाग झाला, एवढेच समाधान.

रुंदीकरणास 1990 नंतरचे दशक उजाडावे लागले. त्यानंतर मनमाडची ती चढउतार थांबली आणि सेलूचा प्रवासी गाडी न बदलता मुंबईस पोहोचू लागला. पाथरी व जिंतूर येथे रूळ अद्याप आलेले नाहीत. तेथील मंडळींचा प्रवास आजही मोटारीने स्थानक गाठण्यापासूनच सुरू होतो.