शय्याव्रण आणि शुश्रूषेचे शास्त्र

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर वा टाचांवर जी जखम होते, तिला शय्याव्रण म्हणतात. बोलण्यात 'बेडसोअर' हाच शब्द रुळला आहे. या जखमेचा दोष रोगाचा की शुश्रूषेचा, हा वाद जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात तो बहुधा शुश्रूषेचाच असतो असे बजावले. पुढे पॅरिसचे विख्यात वैद्य शार्को यांनी मात्र मेंदू व मज्जारज्जूच्या विकारांतील असे व्रण त्या विकारातूनच उद्भवतात, असे प्रतिपादले. हे खरे मानले, तर परिचारिकेने करण्याजोगे फारसे काही उरत नाही.

तरीही परिचारिका स्वस्थ बसल्या नाहीत. कोणी स्पिरिट चोळी, कोणी पावडर वा मलम लावी. हे सारे मायेने होई; पण त्याचा उपयोग किती, हे पडताळण्याऐवजी आधीच्या पिढीवर विसंबून राहणेच अधिक चाले.

१९६२ साली डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृती, मनाची जागरूकता, हिंडणेफिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण देण्याची पद्धत त्यातून आली. बेरीज १४ किंवा कमी भरली, तर धोका. त्वचेला काय लावले यापेक्षा कूस नियमाने बदलून दाब हटवला की नाही, हेच महत्त्वाचे, असेही दिसून आले.

मग दर दोन तासांनी कूस बदलणे हाच दंडक झाला. त्याचीही परीक्षा झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांमधल्या ९४२ रहिवाशांच्या अभ्यासात, चांगल्या फोमच्या गाद्यांवर दोन, तीन वा चार तासांच्या अंतराने व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ कूस बदलू नये असा नव्हे. गादी चांगली असेल, तर काहींची झोप वारंवार मोडण्याचे कारण उरत नाही, एवढाच.

पाठीला स्पिरिट-पावडर चोळणे आपल्या घरांतही परिचयाचे आहे. त्यामागची माया आम्ही उणी लेखत नाही. परंतु ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला ती माया पुरत नाही. आपण करतो त्याने खरेच बरे वाटते का, हे कोणीतरी पाहावे लागते. ते पाहणे हाही शुश्रूषेचाच भाग, असे आम्हांस वाटते.