वऱ्हाड गहाण पडलं, त्या पेढीची गोष्ट

गटाच्या बैठकीत कुणी कर्ज मागितलं की आपण दोन प्रश्न विचारतो. कशाला पाहिजे? आणि फेडशील कशातून? आज ज्या पेढीबद्दल सांगणार आहे, तिनं आपल्या कर्जदाराला हे कधी नीट विचारलं नाही. कर्जदार होता हैदराबादचा निजाम. महागाव, पुसद, उमरखेड हा आपला सगळा मुलूख तेव्हा त्याच्या राज्यात होता.

1814 च्या सुमारास विल्यम पामर यानं हैदराबादेत पेढी काढली. बाप इंग्रज फौजी अधिकारी, आई हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली फौज होती, तिचा पगार निजामानं द्यायचा. तिजोरीत पैसा नसला की दिवाण चंदूलाल पामरकडे जाई. व्याज शेकडा 18 ते 25! आणि तारण काय, तर गावोगावचा शेतसारा. म्हणजे सही दिवाणाची, फेड कुणब्याची. 1820 मध्ये एकट्या एका कर्जाचा आकडा 60 लाखांवर गेला. पुढं चार-पाच वर्षांत पेढी बुडाली. कर्ज काढायची सवय मात्र राहिली.

मग आले पेस्तनजी. हे पारशी व्यापारी. मला विचाराल तर हे पामरपेक्षा बरे. 1825-26 साली वऱ्हाडातून मुंबईला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात कापूस नेला तो यांनी. शेतकऱ्याला पिकाआधी उचल दिली, खामगावला गाठी दाबायचे यंत्र बसवले. औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या त्यांच्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणत. पण तेही निजामाला पैसे देत गेले आणि 1841 मध्ये वऱ्हाडातली वसुली त्यांच्या नावे लिहून दिली गेली. दोन वर्षांत चंदूलाल गेला आणि पेस्तनजींना ती वसुली सोडावी लागली.

फौजेची थकबाकी वाढतच होती. शेवटी 1853 च्या मे महिन्यात त्या बाकीपोटी निजामानं वऱ्हाडच इंग्रजांच्या हाती दिलं. घरातला दागिना जातो तसा मुलूख गेला, फक्त मुलखाला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून पैनगंगा सरहद्द झाली. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे हदगाव-किनवटला निजामाचा. नदी तीच, पण नाणं दोन. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. पुढच्या काळात 100 कलदारला साधारण 116 हाली पडत. नदीपलीकडे लेक दिलेली असेल, बाजार तिकडचा असेल, तर हा हिशेब डोक्यात ठेवावाच लागे.

1902 मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड कायमचं भाड्यानं घेतलं, वर्षाला 25 लाख रुपये निजामाला द्यायचे ठरवून. त्यातलेही जुन्या देण्यापोटी कापून घेतले जायचे. हाली सिक्का त्यानंतरही चालला, निजामाचं राज्य भारतात सामील होऊन काही वर्षं उलटेपर्यंत.