किती देवांचे?

फेब्रुवारी २०११. जनगणनेचे काम लागले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, अंगणात बाजेवर फॉर्म मांडून मी बसलो होतो. घरातली दोन माणसे कचारगडच्या जत्रेला गेली होती. ती धरायची की नाही, यावर थोडी चर्चा झाली. नाव, नाते, वय, लग्नाचे वय असे करत सातव्या रकान्यावर आलो. धर्म. म्हाताऱ्या आजोबांनी सुपारी कातरता कातरता सांगितले, "सात देवाचे."

मी पुन्हा विचारले, "धर्म कोणता, आजोबा?" मला नीट ऐकू आले नसेल असे समजून त्यांनी तेच जरा मोठ्याने सांगितले. अजून बरीच घरे उरली होती. मी १ लिहिला. १ म्हणजे हिंदू.

ते उत्तर तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. जगात इतके धर्म का आणि माणसे ते मानतात का, हे मला वर्गात पोरांनी कितीदा विचारले आहे, आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली आहे. आजोबांच्या दोन शब्दांत मात्र एका समाजाने याच प्रश्नाला दिलेले जुने उत्तर होते.

आमच्या भागात गोंडांच्या घरी सोयरीक जुळवायला पाहुणे आले की आडनाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "किती देवाचे तुमी?" कुळे चार, पाच, सहा, सात अशा देवांमध्ये विभागलेली आहेत. देवांची संख्या सारखी निघाली तर ते भाऊबंद. चहा घ्यायचा, ख्यालीखुशाली विचारायची आणि उठायचे. वेगळी निघाली तर ते सोयरे, मग बोलणे पुढे जाते. काही भागांत याहून कडक हिशेब असतो, सम देवांचे विषम देवांकडेच जातात. कोणते आडनाव किती देवांचे हेही मुलखागणिक थोडेफार बदलते. पण मूळ नियम एकच: ज्याचे देव माझ्याइतकेच, त्याच्या घरची मुलगी माझी बहीण.

ही वाटणी कोणी केली? गोंडी कथा सांगते, पारी कुपार लिंगोने. गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा लावून आत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने सोडवले, त्यांचे गट पाडले, प्रत्येकाला देव वाटून दिले आणि कोणी कोणाशी लग्न करायचे ते ठरवून दिले. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातले कचारगड, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. माझ्या फॉर्मवरची ती दोन माणसे त्या महिन्यात तिथेच गेली होती.

ही कथा शतकानुशतके गोंडांच्या गायक परधानांनी किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन जपली. ती कागदावर उतरली ती एका ख्रिस्ती पाद्र्याच्या हातून. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहून शाळा चालवत आणि दगड-जीवाश्मांचा अभ्यास करत. एका परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोचे गाणे टिपून घेतले. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतली. आपला धर्म सांगायला आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या देवांची कथा इतक्या मन लावून लिहून ठेवली, याबद्दल मला हिस्लॉपविषयी फार आदर वाटतो.

पुढच्या काळात नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमवर आयुष्य वेचले. पुनेम म्हणजे वाट, जगण्याची रीत. देवाला गोंडीत म्हणतात पेन. या परंपरेत कुळे साडेसातशे मानतात. '७५०' हा आकडा आमच्याकडे घरांच्या भिंतींवर, मोटारसायकलींच्या पाट्यांवर दिसतो तो त्यामुळेच. प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायचे. आपले झाड तोडायचे नाही, आपला प्राणी मारायचा नाही; बाकीच्यांचे वापरायला हरकत नाही. साडेसातशे कुळे आपापले तीन-तीन जीव सांभाळत बसली की जंगलातले बहुतेक सारे कोणा ना कोणाच्या राखणीत येते. म्हणजे देव अनेक का, तर कामे अनेक म्हणून. कोणत्याही एका घराला सगळे दिलेले नाही. घर उभे राहायला सून लागते, आणि सून वेगळ्या देवांच्या घरातूनच आणावी लागते.

याच गोष्टीचे मोठे रूप सीमेपलीकडे तेलंगणात, आदिलाबादजवळच्या केस्लापूरला दिसते. पुष्य अमावास्येला तिथे मेस्राम कुळाचा नागोबा जागवतात. कुळातली माणसे त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुना पांढरी वस्त्रे नेसून रांगेने देवासमोर येतात. ही भेट झाल्यावरच त्या कुळाच्या पूजेत बसू शकतात. दुसऱ्या देवांखाली वाढलेली मुलगी इथल्या देवाला रीतसर ओळख देऊन आत येते.

हेच नाव आमच्याकडे मेश्राम असे आहे. आता मेश्राम म्हटले की सावलीतल्या कोणालाही विचारावे लागेल, कोणते मेश्राम? मेश्राम गोंड आहेत आणि मेश्राम बौद्धही आहेत. गेडामांचेही तसेच. आडनावावरून आमच्याकडे धर्म कळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, होते. आमच्या गावांतून माणसे बैलगाड्यांनी, पायी तिथे पोचली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. एकवीस वर्षांपूर्वी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते, आणि मधली सगळी वर्षे धर्म पारखण्यात घालवली होती. येवल्याच्या त्या घोषणेनंतर पाचच महिन्यांच्या आत, १९३६ च्या फेब्रुवारीअखेर, गांधीजी इथे सावलीला गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी आले होते. सगळे धर्म खरे, सगळे अपुरे, तेव्हा ज्याने त्याने आपलाच सुधारावा, अशी त्यांची धारणा होती. ती उदार होती हे मला मान्य आहे. पण ज्याला देवळाच्या पायरीशी थांबवले जाते, त्याला 'आपला' या शब्दाचा अर्थ विचारायचा हक्क असतो. माणसे वारशाने मानतात तशी वारसा नाकारूनही मानतात. धर्म अनेक असण्याचे हे दुसरे कारण, आणि ते पहिल्याहून कमी पवित्र नाही.

तिसरे कारण जंगलात आहे. ताडोबा हे नाव तारू या गावप्रमुखाचे, असे सांगतात. वाघाशी झुंजताना तो पडला आणि लोकांनी तळ्याकाठी झाडाखाली त्याचे ठाणे मांडले. पौष महिन्यात आदिवासी तिथे पूजेला येत आले आहेत. मोह वेचायला पहाटे निघालेल्या बाईला वाघ ही उपमा नसते. जिथे भीती खरी असते तिथला देवही त्याच जागेचा असतो, दुसरीकडचा आणून चालत नाही. म्हणून मातामाय गावोगाव वेगळी, आणि गावाबाहेर वाघोबाचे ठाणे वेगळे.

या सगळ्याला एकच शब्द लावून, एकाच रकान्यात, एका माणसाला एकच, अशी मोजणी आली ती इंग्रजांबरोबर, १८७२ पासूनच्या जनगणनांत. गोंडांसारख्यांना काय म्हणायचे हे मोजणाऱ्यांचे कधी ठरले नाही. १९०१ ला 'जडप्राणवादी' अशा अर्थाचे नाव दिले, १९३१ ला 'आदिवासी धर्म' म्हटले, आणि स्वातंत्र्यानंतर ते नावच गेले, उरले 'इतर'. २०११ च्या फॉर्मवर सहा धर्मांना आकडे होते. सातवा कोणी सांगितला तर त्याचे पूर्ण नाव अक्षरांत लिहायचे, अशी सूचना होती. प्रशिक्षणात ती आम्हाला वाचून दाखवली होती.

त्या मोजणीत देशभरात सुमारे ७९ लाख लोक 'इतर' मध्ये आले. त्यांतल्या सुमारे १० लाखांपुढे गोंड किंवा गोंडी असे लिहिलेले आहे. पाथरीच्या रस्त्यावरचे ते घर त्यांत नाही.

दोनेक वर्षांनी त्याच अंगणात नातीच्या लग्नाचा मांडव होता, मलाही बोलावणे होते. आजोबांनी मला बाजेवर शेजारी बसवून घेतले आणि नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्याशी ओळख करून दिली.

"हे सहा देवाचे," ते म्हणाले. "आता आमचे सोयरे."