नीरेच्या पाण्यावरचा ऊस आणि तांबेऱ्याची भूक

शेतीच्या इतिहासात आपण बहुतेक वेळा माणसाच्या भुकेबद्दल बोलतो. दुष्काळ, टंचाई, धान्याचे भाव. आज मला बोलायचंय एका बुरशीच्या भुकेबद्दल, म्हणजे उसावरच्या तांबेऱ्याबद्दल. आणि गंमत अशी, की या दोन्ही भुकांचा इतिहास बारामती-इंदापूरच्या एकाच पट्ट्यात एकमेकांना भेटतो.

आधी पट्टा बघू. बारामतीचा बराचसा भाग आणि जवळजवळ सगळं इंदापूर पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. ज्वारी, बाजरी, करडई ही इथली जुनी पिकं. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानं दख्खनचं कंबरडं मोडलं, आणि १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी या बाजूला आलं. पाणी आलं, पण ते वाटायचं कसं हा प्रश्न उरलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आली: ठरावीक क्षेत्र, ठरावीक पिकं, ठरावीक पाणी. १९२८ मध्ये भाटघरला मोठं लॉईड धरण पूर्ण झालं. १९३२ मध्ये नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. १९३० च्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांच्या कारखान्याभोवती वालचंदनगर उभं राहिलं, आणि १९५० नंतर सहकारी कारखाने आले.

म्हणजे साठ-सत्तर वर्षांत काय झालं? जिथं बाजरी धड येत नव्हती तिथं मैलोन्‌मैल ऊस उभा राहिला. तोही आडसाली, दीड वर्ष शेतात उभा, खतापाण्यावर पोसलेला. माणसाच्या दृष्टीनं ही सुबत्ता. आणि बुरशीच्या दृष्टीनं? भरलेलं कोठार.

१९४९-५० च्या सुमारास दख्खनच्या कालवा पट्ट्यात को ४७५ या जातीवर तांबेरा उमटला. नीरेचा पट्टा या दख्खन कालव्यांपैकीच एक. पानावर आधी बारीक पिवळसर ठिपके, मग लांबट तांबूस फोड. बोट फिरवलं की गंजासारखी पूड बोटाला लागते. एम. के. पटेल, एम. एन. कामत आणि वाय. ए. पाध्ये यांनी १९५० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्याची नोंद केली. आज या बुरशीला पक्सिनिया मेलानोसेफाला म्हणतात. को ४७५ पुढे लागवडीतून बाजूला पडली. गोष्ट तिथं संपली असं वाटतं. पण एक प्रश्न उरला: ही बुरशी खाते काय, आणि कशी?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. भाकरीवरची बुरशी बशीत वाढते. थोडी साखर, थोडे क्षार दिले की झालं. तांबेरा मात्र जिवंत पानाबाहेर वाढायलाच तयार नव्हता. शास्त्रज्ञांच्या पिढ्या हरल्या. शेवटी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात पी. जी. विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचा खोडावरचा तांबेरा बशीत वाढवून दाखवला. त्यासाठी त्याला यीस्टचा अर्क आणि पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिनं द्यावी लागली. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की नुसत्या सल्फेटवर त्याचं भागत नाही, गंधकसुद्धा अमिनो आम्लातून, तयार रूपात लागतं. थोडक्यात, या पाहुण्याला शिधा चालत नाही, शिजवलेलं ताट लागतं.

आता साध्या बुरशीशी तुलना करू. १९७३ मध्ये हर्ब आर्स्ट आणि डेव्हिड कोव्ह यांनी अ‍ॅस्परजिलस बुरशीतल्या ‘एरिया’ नावाच्या जनुकाचं काम मांडलं. अमोनिया हाताशी असेल तर ही बुरशी नायट्रेट पचवायची यंत्रणा बंद ठेवते. कशाला फुकट खर्च! अमोनिया संपला की एरियाचं प्रथिन कामाला लागतं, आणि नायट्रेट आत ओढणारी, ते मोडणारी प्रथिनं बनू लागतात. म्हणजे टंचाई आली की ही बुरशी नवीन अवजारं काढते. दुष्काळात माणूस कंदमुळं शोधायला बाहेर पडतो, तसंच.

तांबेऱ्यानं वेगळा रस्ता धरला. त्याचा बीजाणू पानावर पडतो तेव्हा बाहेर खायला काहीच नसतं. अंगातल्या चरबीच्या शिदोरीवर त्याला अंकुरायचं, पर्णरंध्र शोधायचं आणि आत शिरायचं असतं. शिदोरी संपायच्या आत दार सापडलं नाही तर खेळ खलास. १९८७ मध्ये घेवड्याच्या तांबेऱ्यावर दिसलं, की त्याचा अंकुर अर्ध्या मायक्रॉनच्या उंचवट्यावरून रंध्राची कड ओळखतो. आत गेल्यावर तो पेशीची भिंत पार करून पेशीत एक बोंडासारखा अवयव घालतो. याला आपण शोषकांग म्हणू.

खरी गोम या शोषकांगात आहे. १९९७ मध्ये जर्मनीत हान आणि मेंडगेन यांनी बाकल्याच्या तांबेऱ्यात फक्त शोषकांगात जोरात चालणारी जनुकं शोधली. त्यात अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक होतं. २००१ मध्ये फोगेले आणि सहकाऱ्यांनी साखर ओढणारं ‘एचएक्सटी१’ हे प्रथिन शोषकांगाच्या पडद्यावर प्रत्यक्ष बसलेलं दाखवलं. पेशींच्या मधल्या जागेत पसरलेल्या धाग्यांवर ते नव्हतं. सगळी तोंडं एकाच जागी!

मग २०११ मध्ये गव्हाच्या आणि पॉप्लर झाडाच्या तांबेऱ्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. नायट्रेट आणि सल्फेट पचवायच्या साखळ्यांतले दुवेच गायब होते. विल्यम्स यांच्या बशीतल्या कोड्याचं उत्तर पंचेचाळीस वर्षांनी मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या तयार ताट मिळालं म्हणून स्वयंपाकाची भांडीच या बुरशीनं गमावली.

उसाच्या काणीची भूक थोडी निराळी. को ७४० ही या पट्ट्यात दीर्घकाळ चाललेली जात काणीला बळी पडायची. शेंड्यातून निघणारा तो काळा चाबूक जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तिचीच चुलत बहीण म्हणजे मक्याची काणी. तिच्यात ‘यूएमपी२’ नावाचं प्रथिन आहे. अमोनियम कमी पडलं की ते वाढतं, आणि यीस्टसारख्या गोल पेशी लांब धागे काढू लागतात. २०१० मध्ये तिच्यातच ‘एसआरटी१’ सापडलं. ते झाडाची साखर न फोडता, अख्खी आत ओढतं. साखर फोडली तर झाडाला चाहूल लागते. अख्खी नेली तर लागत नाही, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे प्रथिनांचे प्रयोग गहू, बाकला, मका यांच्या रोगांवर झालेत. उसाच्या तांबेऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण घराणं एकच आहे, आणि शेतातला इतिहास त्याला साक्ष देतो.

तो इतिहास काय सांगतो? ज्या बुरशीनं उपाशी राहण्याची सोय सोडून दिली, तिची सगळी मदार पुढचं पान जवळ आणि ओळखीचं असण्यावर आहे. को ४७५ नं तिला तेच दिलं. १९७८ मध्ये हा तांबेरा कॅरिबियनमध्ये पोचला. क्युबात बी ४३६२ ही एकच जात प्रचंड क्षेत्रावर होती. दोन वर्षांत तिथल्या साखर उत्पादनाला जबर फटका बसला. बुरशीला तिथं एकच किल्ली लागली आणि सगळी कुलपं उघडली.

१९९६ मध्ये पाडेगावहून को ८६०३२ आली. नाव ठेवलं ‘नीरा’! चांगली जात, साखर उतारा चांगला, खोडवा चांगला. म्हणूनच ती अनेक वर्षं महाराष्ट्रभर पसरली. मला तिच्यात खोट काढायची नाही. पण जात चांगली आहे म्हणून सगळीकडे तीच लावली, की तीच चूक आपण पुन्हा करतो. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावरची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. पिकाला पाण्याचा, उष्णतेचा ताण कसा सोसावा हे तिथं अभ्यासतात. ते हवंच. पण बुरशीला ताण कसा द्यावा, हा प्रश्नही तितकाच आपला आहे. एका शिवारात दोन-तीन जाती, प्रक्रिया केलेलं निरोगी बेणं, काणीचं बेट चाबूक पिशवीत झाकून उपटणं, युरियाची गोणी हिशेबानं फोडणं. यात नवीन काही नाही. पण यातली बरीच कामं बुरशीच्या आणि तिच्या पुढच्या ताटाच्या मधलं अंतर वाढवतात.

नीरेच्या काठानं माणसाचा दुष्काळ हटवला, ही मोठीच गोष्ट. बुरशीचा दुष्काळ मात्र आपल्याला टिकवायला हवा.

तुमच्या घरी को ४१९ किंवा को ७४० च्या काळातल्या तांबेऱ्याच्या, काणीच्या आठवणी कुणी सांगत असेल, तर नक्की कळवा. पुढच्या भागात पाडेगावच्या मातीबद्दल बोलू.